चैत्रात व्यायला येणारी ढोरं : तुमचे सवाल, माझे जवाब

राम राम मंडळी. या खेपेला आलेली पत्रं आणि मोबाइलवरचे मेसेज बघितले तर निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीचे निघाले, गाय व्यायला आली काय करू, म्हैस व्यायला आली काय करू. साहजिकच आहे, होळी जवळ आली की आपल्याकडे हीच गडबड. म्हणून बाकीचे सवाल पुढच्या अंकावर ढकलले आणि यावेळी फक्त व्यायला आलेल्या ढोरांचंच घेतलंय. नावं कुणाची छापत नाही, तालुका तेवढा दिलाय.

सवाल (ता. चोपडा) : डॉक्टर साहेब, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव. १४ गायी आहेत, निमारी वळणाच्या, दिवसभर रानात चरतात आणि वळू सोबतच असतो. दूध काढून विकत नाही, वासराला सगळं दूध सोडतो आणि गोऱ्हे शेतकामाला विकतो. यंदा ११ गाभण आहेत आणि बहुतेक होळी ते आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) दरम्यान व्यायच्या. मागच्या वर्षी ३ वासरं गेली आणि गायी पार हाडं झाल्या होत्या. यंदा आधीपासून काय करावं?

जवाब : भाऊ, तुमचा सवाल वाचून बरं वाटलं, कारण लोक गाय जोर द्यायला लागल्यावर फोन करतात आणि तुम्ही आधी विचारताय.

आधी हे बघा की तुमच्या सगळ्या गायी एकदमच का व्यायला येतात. मृगाचा पाऊस पडतो, रानात हिरवं फुटतं, गायीच्या अंगावर जरा तकाकी येते आणि आषाढात सगळ्या माजावर येऊन फळतात. गायीचे गाभण दिवस साधारण २८०-२८३ धरा, आपली म्हातारी माणसं नऊ महिने नऊ दिवस म्हणतात ते उगीच नाही. आषाढातले ते दिवस मोजत गेलं की बरोबर फाल्गुन-चैत्र येतो. आता घोळ असा की हा हंगाम गायीने स्वतःच्या सोयीने नाही, पावसाच्या सोयीने निवडलेला आहे. ती व्यायते तेव्हा रान करपलेलं, नाले कोरडे, ऊन चाळिशीच्या वर. म्हणजे पोटातलं वासरू ज्या शेवटच्या तीन महिन्यात सगळ्यात जास्त वाढतं, जवळजवळ दोन तृतीयांश वजन तेव्हाच धरतं, त्याच महिन्यांत गायीच्या पोटात फक्त वाळकी काडी जाते, आणि व्यायल्यावर दुधाचा ताण येतो तेव्हा तीही संपत आलेली असते. तुमची मागच्या वर्षीची ३ वासरं मी बघितली नाहीत, पण त्यांचं दुखणं पौष-माघातच सुरू झालं असणार असं मला वाटतं.

म्हणून पहिलं काम औषधाचं नाही, चाऱ्याच्या हिशोबाचं. तुमची गाय ३०० किलोच्या आसपास असेल तर तिला दिवसाला सात-साडेसात किलो वाळका चारा लागतो. फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून मृगाचं हिरवं हाताशी येईपर्यंत साडेचार महिने, म्हणजे १३५ दिवस. झालं, एका गायीला एक टन. १४ गायींना १४ टन, वासरं आणि बैल वेगळे. रानातून थोडं मिळतं ते वजा करा, पण एप्रिलमध्ये रान काय देतं ते तुम्हीच मला सांगा. आता खळ्यात जाऊन बघा, कडब्याची गंजी किती उरलीय. दहा पेंढ्या काट्यावर टाका, सरासरी काढा आणि गुणाकार करा. अंदाजाने "भरपूर आहे" म्हणणारा माणूस वैशाखात दुप्पट भावाने कडबा घेताना मी दरवर्षी बघतो.

कमी पडत असेल तर आत्ताच गव्हाचं कुटार, हरभऱ्याचं कुटार, तुरीचं भुसकट जमवा, आता फुकटात जातं, काही जण तर पेटवून देतात. नुसत्या कुटाराला युरियाची प्रक्रिया करता येते. १०० किलो कुटाराला ४ किलो युरिया ४०-५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडायचा, चांगला दाबायचा, प्लास्टिकने हवाबंद झाकून २१ दिवस तसाच ठेवायचा. उघडल्यावर खायला द्यायच्या आधी तासभर पसरून वास जाऊ द्यायचा. पण युरियाचं गोणपाट आणि उरलेलं पाणी ढोरांच्या तोंडापासून लांब, हे मी हात जोडून सांगतो, एका घमेल्यात उरलेलं पाणी पिऊन अर्ध्या तासात आडवी झालेली म्हैस मी डोळ्याने बघितलीय. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांनाही हे कुटार नको.

शेवटचे दोन महिने गायीला रोज किलोभर ढेप-चुनी-भरडा मिसळून, त्यात ४०-५० ग्रॅम मिनरल मिक्स्चर आणि चिमूटभर नाही, मूठभरापेक्षा जरा कमी मीठ. ११ गायींना परवडत नाही म्हणाल तर निदान पहिलारू (पहिल्यांदाच व्यायच्या) कालवडी आणि हाडं दिसणाऱ्या गायी वेगळ्या बांधून त्यांना तरी द्या, धष्टपुष्ट गायीला एवढं नाही दिलं तरी ती सांभाळून घेते. आणि हिरवं. नुसत्या वाळक्या चाऱ्यावर तीन-चार महिने काढलेल्या गायीच्या अंगात अ जीवनसत्त्व संपत येतं, मग वासरं अशक्त होतात, कधी आंधळी होतात, जार (वार) अडकतो. विहिरीला थोडं पाणी असेल तर दोन गुंठे लसूणघास लावा, नाहीतर बांधावरचा शेवगा, सुबाभूळ छाटून गायीमागे दोन-तीन किलो टाका.

जागेचं म्हणाल तर जिथे रोज ढोरं बांधता तिथे व्यायला लावू नका. एखादं आंब्या-निंबाखालचं कोरडं खळं साफ करून ठेवा. आणि व्यायलेल्या गायी आणि अजून व्यायच्या गायी एकत्र ठेवू नका, याचं कारण खालच्या एका जवाबात येतंय.

सवाल (ता. यावल) : आमच्याकडे केळी आहे, खांब तोडून ढोरांना टाकतो, गाभण म्हशी आवडीने खातात. एक जण म्हणतो याच्यावर म्हैस व्यायली तर वासरू मोठं होतं, दुसरा म्हणतो मरतं. खरं काय?

जवाब : दोघंही चुकीचे. केळीच्या खांबात ९० टक्क्यांच्या वर पाणीच असतं. ५० किलो खांब खाल्ला तर पोटात कोरडा माल जेमतेम ४-५ किलो जातो, त्यातही प्रोटीन नावाला. म्हणजे म्हशीचं पोट टम्म दिसतं आणि अंग मात्र उतरत जातं. कुट्टी करून, कडबा-कुटार मिसळून, सोबत ढेप देऊन खुशाल द्या, उन्हाळ्यात पाणीही जातं तेवढं. निव्वळ खांबावर गाभण म्हैस ठेवू नका. आणि म्हशीचे दिवस गायीपेक्षा महिनाभर जास्त, ३०५-३१० धरा, उगीच आधीपासून रात्री जागू नका.

सवाल (ता. शिरपूर) : माझा भाचा कॅनडात एका मोठ्या पशुपालकाकडे कामाला आहे, तिथे मांसासाठी पाळलेल्या चारशे गायी आहेत आणि त्या सगळ्या वसंतात व्यायतात. तो सांगतो तिकडे गायीला १ ते ९ मार्क देतात, आणि संध्याकाळी चारा टाकला की गाय दिवसा व्यायते. मला हे खोटं वाटतं, पोरगा मामाला येडं बनवतोय का?

जवाब : नाही हो, पोरगं खरं बोलतंय! मला तर हा सवाल फार आवडला.

मार्कांचं आधी घेऊ. तिकडे मांसासाठीच्या गायींना १ ते ९ असा अंगकाठीचा आकडा देतात, १ म्हणजे नुसता सांगाडा आणि ९ म्हणजे चरबीने लदलदलेली. व्यायच्या वेळी जुनी गाय ५ वर आणि पहिलारू ६ वर पाहिजे असा त्यांचा नियम. दुधाच्या गायींना १ ते ५ वाला आकडा वापरतात, आपल्याकडे डॉक्टर लोक बहुतेक तोच वापरतात. आकडा कुठलाही घ्या, हात लावून बघायचं तंत्र एकच. गायीच्या बाजूला उभं राहून तळहात सपाट करून शेवटच्या बरगड्यांवर ठेवायचा आणि हलका दाबायचा. न दाबताच प्रत्येक बरगडी लांबून मोजता येत असेल तर गाय खाली गेली. जरा दाबल्यावर बरगडी लागते पण डोळ्याला एक-दोनच दिसतात, तर बरोबर आहे. दाबूनही सापडत नाही तर जास्त झालं. मग शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूला बोटं घालून बघायची, खोल खड्डा की थोडं मांस. बस. दोन मिनिटाचं काम आहे, पैसा लागत नाही, आणि हे व्यायच्या ९० दिवस आधी करायचं, कारण शेवटच्या महिन्यात गायीचं अंग भरायला गेलं तरी भरत नाही, सगळं वासराकडे जातं.

या आकड्याचा फायदा पुढच्या वेताला कळतो. वर्षाला एक वासरू पाहिजे तर ३६५ मधून २८३ गेले, उरले ८२ दिवस, तेवढ्यात गाय परत फळली पाहिजे. हडकलेली गाय व्यायल्यावर तेवढ्या दिवसात माजावरच येत नाही, मृग निघून जातो, हिरवं निघून जातं, आणि मग ती दोन वर्षांनी वासरू देते. मग आपण म्हणतो गाय भाकड आहे, विकून टाका.

आता संध्याकाळच्या चाऱ्याचं. कॅनडातल्याच मॅनिटोबा प्रांतात कोनेफल नावाच्या एका पशुपालकाने हे पहिल्यांदा करून बघितलं आणि आता त्याच्या नावानेच ही पद्धत ओळखतात. व्यायच्या तीन-चार आठवडे आधीपासून मुख्य चारा दिवसातून एकदाच, दिवस मावळताना द्यायचा. रात्री पोटाचं काम चालू राहतं आणि व्यायच्या कळा बऱ्याचशा गायींमध्ये दिवसाकडे सरकतात. सगळ्याच गायी ऐकत नाहीत, पण बहुतेक उजेडात व्यायतात. आपल्याकडे तर हे आणखी सोपं, उन्हाळ्यात दुपारी ढोर तसंही खात नाही, गव्हाण संध्याकाळीच भरा. दिवसा नुसतं पाणी आणि सावली. दोन-चार गायी असणाऱ्याला फरक लगेच दिसणार नाही, पण चोपड्याच्या भाऊंसारखे ११ गाभण गायीवाले यांनी यंदा करून बघावं आणि मला वेळा लिहून पाठवाव्यात.

तिसरी एक गोष्ट भाच्याला विचारा. अमेरिकेत नेब्रास्का राज्याच्या सँडहिल्स भागात अशी रीत आहे की दर आठवड्याला अजून न व्यायलेल्या गायी पुढच्या स्वच्छ कुरणात हलवतात आणि व्यायलेल्या वासरांसकट मागेच ठेवतात. का तर पहिल्या वासरांना हगवण लागली की त्यांच्या शेणातून जंतू वाढत जातात आणि शेवटी जन्मलेलं वासरू सगळ्यात जास्त जंतूंत पडतं. आपण नेमकं उलटं करतो, एकाच कोपऱ्यात एकामागून एक व्यायला लावतो. वर जागा बदलायला सांगितलं ते यासाठी.

फरक एवढाच लक्षात ठेवा मामा, तिकडचा वसंत म्हणजे बर्फ वितळून गवत उगवायला लागतं, गाय व्यायते आणि पुढे हिरवंच हिरवं. आपला चैत्र म्हणजे गवत संपलेलं. त्यामुळे त्यांचं सगळं जसंच्या तसं उचलू नका, ते थंडीपासून वासरू वाचवतात, आपल्याला उन्हापासून वाचवायचंय. आणि तो मांसाचा धंदा आपल्याकडे नाही, २०१५ पासून तर राज्यात बैल-वळूसुद्धा कायद्याच्या बंदीत आलेत. पण गाय व्यायते ती इथे आणि तिथे सारखीच.

सवाल (ता. साक्री) : पहिलारू कालवड आहे, संकरित. व्यायची वेळ आली हे नक्की कसं ओळखायचं आणि डॉक्टरला केव्हा बोलवायचं? लवकर बोलावलं तर डॉक्टर रागावतात, उशीर झाला तरी रागावतात.

जवाब : डॉक्टरच्या रागाचं मनावर घेऊ नका, मीही खूप रागावलोय लोकांवर, लवकर बोलावल्याबद्दल रागावलो त्याची आता लाज वाटते.

आठवडा-पंधरा दिवस आधी कास भरायला लागते, शेपटीच्या बुडाजवळचे पुठ्ठे ढिले पडून तिथे खड्डे दिसतात, निरण (योनी) सुजून लोंबतं. सड ताठ होऊन मेणचट दिसायला लागले की दिवस-दोन दिवस राहिले समजा. मग गाय कळपापासून लांब जाते, उठते बसते, शेपटी वर धरते, वळून पोटाकडे बघते. हा पहिला टप्पा दोन ते सहा तास चालतो, पहिलारूला आणखी जास्त, आणि यात काहीही करायचं नाही. लांबून बघायचं. शेजारीपाजारी, पोरंटोरं, मोबाइलची लाईट, सगळं बंद. कालवड घाबरली की कळा थांबतात.

घड्याळ लावायचं ते पाणमोट (वासराभोवतीची पाण्याची पिशवी) दिसल्यापासून. पाणमोट दिसली, गाय जोर देतेय आणि तासाभरात पुढे काही सरकलं नाही, तर फोन करा. जोर देतेय पण काहीच बाहेर येत नाही, तरी फोन करा. एकच पाय आला, किंवा दोन पाय आले पण नाक नाही, किंवा नुसती शेपटी लागते, तर घड्याळ बघत बसू नका, लगेच. सरळ वासरू म्हणजे पुढचे दोन पाय, खुरांचे तळवे जमिनीकडे, आणि गुडघ्यांवर टेकलेलं नाक. तळवे आभाळाकडे असतील तर बहुतेक मागचे पाय आहेत, ती सुटका लवकर व्हावी लागते कारण नाळ दबते आणि वासराचं डोकं अजून आतच असतं. सरकारी फिरत्या दवाखान्याची गाडी १९६२ या टोल फ्री नंबरवर मिळते, तो नंबर गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा.

आणि ओढाताण. हे माझं स्वतःचं पाप आहे म्हणून सांगतो. नोकरीला लागून वर्ष झालं नव्हतं, सुट्टीत घरी गेलो आणि घरचीच पहिलारू अडली. मोठं वासरू, आमच्याच हौसेने छोट्या कालवडीला मोठ्या जातीचं रेतन केलेलं. चार माणसं लावली, नाडा बांधला आणि सरळ मागे ओढलं, जोर आला नाही आला काही बघितलं नाही, शिकलो होतो ते सगळं विसरलो कारण बाप शेजारी उभा होता आणि गाव बघत होतं. वासरू कमरेत अडकलं, निघालं तेव्हा मेलेलं होतं, आणि कालवड मागच्या पायावर परत कधीच उभी राहिली नाही. अकरा दिवस आई तिच्या अंगाखाली कुटार बदलत होती.

तर ओढायचं झालंच तर कळ येईल तेव्हाच, कळ थांबली की आपणही थांबायचं. दोन माणसांपेक्षा जास्त जोर नको. आधी एक पाय जरा पुढे, मग दुसरा, म्हणजे खांदे तिरपे होऊन निघतात. डोकं बाहेर आल्यावर ओढ गायीच्या घोट्याकडे, खाली, सरळ मागे नाही. हात खांद्यापर्यंत साबणाने धुतलेला, नाडा सुती आणि उकळलेला. नायलॉनची दोरी वासराची कातडी सोलते.

आणि पुढच्या वेळी पहिलारूला रेतन करताना तुमच्या डॉक्टरला स्पष्ट सांगा की हलक्या वासराचा वळू पाहिजे. दुधाचे आकडे दुसऱ्या वेताला बघू.

सवाल (ता. पाचोरा) : आमच्या सासूबाई जार पडल्याशिवाय वासराला चीक पाजू देत नाहीत, म्हणतात जार वर चढतो. मागच्या खेपेला वासरू दहा तास उपाशी होतं. त्यांना कसं समजवायचं?

जवाब : ताई, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि सांगा की उलटं आहे. वासरू सडाला तोंड लावतं तेव्हा गायीच्या अंगात जे सुटतं त्यानेच पान्हा येतो आणि त्यानेच पिशवी आवळून जार पडायला मदत होते. पाजलं तर जार लवकर पडेल!

आणि चिकाला घाई का, तर वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी लढायचं काहीच नसतं, आईकडून पोटात असताना ते मिळतच नाही, सगळं चिकातून येतं. आणि वासराच्या आतड्याची दारं ते घ्यायला पहिले काही तासच पूर्ण उघडी असतात, मग ती बंद होत जातात, २४ तासांनी जवळजवळ बंद. तुमचं वासरू दहा तासांनी प्यायलं म्हणजे दार अर्धं लागल्यावर पाहुणा आला. पहिल्या दोन तासात पोटभर, आणि दिवसभरात मिळून वजनाच्या दहा टक्के, २५ किलोच्या वासराला अडीच लिटर. उभं राहता येत नसेल तर काढून बाटलीने पाजा, बाटली तिरपी धरून, मान फार वर न करता, नाहीतर फुप्फुसात जातं. खरवसाला उरेल की, गाय काही कमी देत नाही, पण आधी वासरू मग शेजारपाजार.

त्याच्या आधीचं काम दोन मिनिटाचं. नाकातोंडातला चिकटा बोटाने काढा, श्वास घेत नसेल तर स्वच्छ गवताची काडी नाकपुडीत फिरवा, शिंकतं आणि श्वास धरतं. गायीला चाटू द्या. नाळ पोटापासून तीन-चार बोटं सोडून बांधून कापा आणि टिंचर आयोडीनच्या छोट्या वाटीत पूर्ण बुडवा, नुसता कापसाने पुसून नाही. हळद-शेण लावत असाल तर ते बंद. शेण तर बिलकुल नाही. म्हशीचं वासरू असेल तर दहाव्या दिवशी जंताचं औषध डॉक्टरला विचारून द्या, त्यांना आईच्या दुधातूनच जंत येतात आणि बरीच रेडकं त्यानेच जातात, लोक म्हणतात नजर लागली.

सवाल (ता. शहादा) : जार किती वेळ वाट बघायची? आमच्याकडे जाराला दगड बांधतात.

जवाब : दगड, जुनी चप्पल, वीट, सगळं बघितलंय मी. नका बांधू. ओढल्याने जार तुटून अर्धा आत राहतो, पिशवीला जखमा होतात, कधी पिशवीच उलटी होऊन बाहेर येते. बारा तास निवांत राहा, बाजरीची घुगरी, गूळ, कोमट पाणी द्या. बारा तास होऊन गेले की डॉक्टरला कळवा, आणि वास यायला लागला, ताप आला, गाय खात नाही, तर त्या आधीच. हात घालून सोडवणाऱ्या "जाणकारा"पासून लांब राहा. पडलेला जार उघड्यावर टाकू नका, कमरेएवढा खड्डा, वरून चुना, मग माती. कुत्री उकरून गावभर नेतात.

सवाल (ता. भडगाव) : दोन गायी लागोपाठ आठव्या महिन्यात गाभडल्या (गर्भ पडला). करणी वगैरे मी मानत नाही पण घरचे मानतात.

जवाब : दोन लागोपाठ आणि तेही सातव्या महिन्यानंतर म्हटल्यावर माझ्या डोक्यात पहिलं नाव येतं ते ब्रुसेल्लोसिस, सांसर्गिक गर्भपात. दुसरीही कारणं आहेत, म्हणून रक्त तपासल्याशिवाय नक्की म्हणत नाही. पण तपासणी होईपर्यंत असं वागा की तोच आहे. गाभडलेल्या गायी वेगळ्या बांधा, पडलेलं वासरू आणि जार हातमोज्याशिवाय उचलू नका, चुना टाकून पुरा, जागा धुवा, त्या गायींचं दूध उकळल्याशिवाय कुणी पिऊ नये, त्यांच्यावर वळू सोडू नका. हा रोग माणसालाही लागतो, महिनोन् महिने येणारा-जाणारा ताप, सांधे दुखणं, आणि घरातली बाई माणसंच बहुतेक जार उचलतात म्हणून त्यांना जास्त धोका. घरात गरोदर सून असेल तर तिला गोठ्यात पाठवूच नका.

लस फक्त ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरांना, आयुष्यात एकदाच. मोठ्या गाभण गायीला ती देत नाहीत. २०१९ पासून केंद्राच्या कार्यक्रमात लाळ्या-खुरकूतसोबत हीसुद्धा फुकट आहे, कानातला १२ आकडी बिल्ला असला की नोंद होते. बिल्ला मारायला आले की काही लोक ढोरं रानात पाठवून देतात, का ते मला अजून कळलं नाही. २०२२ च्या ऑगस्टात आपल्या रावेरकडून लम्पी पसरला तेव्हा हेच लोक लसीसाठी पहाटेपासून दवाखान्यासमोर उभे होते.

सवाल (ता. अमळनेर) : गाभण म्हशीला उसाचं वाढं चालतं का? आणि कापलेल्या ज्वारीचे कोंब?

जवाब : वाढं थोडं, कडब्यात मिसळून. त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं आणि व्यायला आलेल्या म्हशीला कॅल्शियमची गरज असते. ज्वारीचे कोवळे कोंब अजिबात नाही, विष आहे, गाभण असो नसो.

सवाल (ता. धरणगाव) : शेडवर पत्रे आहेत, दुपारी आत उभं राहवत नाही. गाय एप्रिलच्या शेवटी व्यायची.

जवाब : मग तुम्हाला राहवत नाही तिथे तिला ठेवू नका. पत्र्यावर पऱ्हाट्या (कापसाच्या वाळक्या काड्या) किंवा पाचटाचा फूटभर थर अंथरा, खालून नाही, वरून. पत्र्याला वरून चुना मारला तरी फरक पडतो. दुपारी झाडाखाली बांधा, पाणी दिवसातून चार-पाच वेळा, टाकी सावलीत, कारण उन्हातल्या टाकीचं गरम पाणी गाय नुसतं नाकाने हुंगते आणि सोडते. व्यायलेली गाय दिवसाला ६०-७० लिटर पिऊ शकते.

सवाल (ता. पारोळा) : माझी गाय आखाजीच्या आसपास व्यायची आणि त्याच वेळी आमचा सालदार (सालाने ठेवलेला गडी) बदलतोय. जुना सालदार ढोरांचा जाणता होता, नवा पोरगा आहे. मी दिवसभर दुकानावर. काय करू?

जवाब : हा सवाल कुठल्याच पुस्तकात नाही पण खान्देशात दर घरी आहे. सालं आखाजीला बदलतात आणि गायी आखाजीलाच व्यायतात, कुणी ठरवलं देव जाणे.

जुना सालदार आहे तोवर एक वही करा. कुठली गाय कधी फळली, कधी आटवली (दूध काढणं बंद केलं), मागच्या वेताला जार किती वेळाने पडला, लाथ मारते का, कुठल्या बाजूने जवळ गेलेलं चालतं, हे सगळं त्याच्या तोंडून लिहून घ्या. त्याला माहिती असतं ते तुम्हाला माहिती नसतं, राग येऊ देऊ नका. दूध देणारी गाय असेल तर ती व्यायच्या ६० दिवस आधी पूर्ण आटवलेली पाहिजे, नवा पोरगा शेवटच्या दिवसापर्यंत लिटरभर काढत बसेल तर चीकच पातळ होईल. एका ढेपेच्या रिकाम्या पोत्यात सामान भरून खुंटीला टांगा, दोन सुती नाडे, साबण, टिंचर आयोडीन आणि छोटी वाटी, जुनं स्वच्छ धोतर, लांब हातमोजे, चार्ज केलेली टॉर्च. तो टॉर्च तुम्ही दुसऱ्या कामाला नेणार आणि परत ठेवणार नाही, म्हणून दोन ठेवा.

आणि शक्य झालं तर जुन्या सालदाराला आखाजीनंतर आठ दिवस संध्याकाळी चक्कर मारायला सांगा, चहा-पाण्याचे वेगळे द्या. गाय त्याचा आवाज ओळखते, नव्या पोराला ती पहिल्या दिवशी अंगाला हात लावू देणार नाही. त्या नव्या पोराला आत्तापासूनच संध्याकाळचा चारा टाकायला लावा.